दिव्यांखाली शीळ

चापट बसल्याचा आवाज आधी आला. ती आपण मारली हे मारेतला मागाहून कळलं. ओल्या माशाची शेपटी फळीवर आपटावी तसा आवाज. बसच्या थांब्यावर सातआठ माणसं माना वर करून उभी होती, त्या आवाजासरशी सगळ्या माना एकदम खाली आल्या. बसचं कार्ड शोधायला तिनं उजवा हातमोजा काढून दातांत धरला होता. तो अजून दातांतच होता, आणि उघडा हात हवेत, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. समोर तीरिल, तिची नात, सात वर्षांची. पुढचे दोन दात पडल्यापासून त्या फटीतून शीळ घालायला शिकली होती आणि आठवडाभर घरात, जिन्यात, बसमध्ये, न्हाणीत तिचं तेच चाललं होतं. तिचे ओठ अजून शिळेसाठी गोल होते. मग नाकातून रक्ताची बारीक धार निघाली, ओठाशी थबकली आणि टपकन बर्फावर पडली. बर्फ आधीच तांबडं दिसत होतं. डोंगरापासून सामुद्रधुनीपलीकडच्या डोंगरापर्यंत सगळं आभाळ पेटलं होतं. उत्तरेच्या दिव्यांचा नेहमीचा हिरवा पदर नव्हे. नुकत्याच सोललेल्या जनावरासारखं तांबडं, आणि त्यातून पांढरे भाले खाली खुपसल्यासारखे येत होते, परत वर जात होते, पुन्हा येत होते.

"ओ बाई!" निळ्या टोपीची एक तरुणी पुढे झाली. "काय करताय काय? लहान मूल आहे ते!"

मारेतनं दातांतला हातमोजा काढला. "ती शीळ घालत होती," ती म्हणाली.

"शीळ?"

"दिव्यांखाली."

"ऐकलंत?" तरुणी बाकीच्यांकडे वळली. "शीळ घातली म्हणून पोरीचं नाक फोडलं हिनं!"

मागं एक म्हातारा कोळी उभा होता. तो खाकरून म्हणाला, "माझ्या आईनंही दिली असती ठेवून."

"तुमच्या आईचा काळ गेला, आजोबा."

"काळ गेला असेल. दिवे कुठं गेलेत? ते बघ वर."

"मी पाहिलंय हं," ती तरुणी मारेतला म्हणाली. तीही घाबरली होती. "मी सगळं पाहिलंय. अशा लोकांकडून मुलं काढून घेतात, ठाऊक आहे ना?" तेवढ्यात बस आली, दारं फुसकन उघडली, आणि भाड्याचे जाडजूड पोशाख घातलेली परदेशी माणसं हातातले फोन आभाळाकडे धरून तशीच उलटी उलटी आत चढली.

बसमध्ये तीरिल तिच्याशेजारी बसली नाही. पुढं, चालकाच्या मागच्या एकट्या जागेवर जाऊन बसली, पाठ ताठ करून. मारेतनं रुमाल पुढं केला तो तिनं घेतला, पण वळून पाहिलं नाही. खिडकीतून आत आलेला तांबडा उजेड तिच्या पिवळ्या टोपीवर हलत होता. मारेतचा तळहात चुणचुणत होता. शाळेत हातावर छडी बसली की अशीच चुणचुण व्हायची, हे तिच्या मनात आलं, आणि मारणाऱ्याच्याही हाताला तसंच होतं हे तिला या वयात पहिल्यांदा कळत होतं. तिनं तो हात मांडीखाली घातला. तिला भीती निळ्या टोपीच्या बाईची नव्हती. ती सिग्नेची होती. सिग्ने, तिची लेक, संध्याकाळी पोरीला न्यायला येईल.

मारेतकडे आयुष्यात मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मासळीच्या कारखान्यात उभ्यानं माशांचे काटे काढत जन्म गेला. नवरा भला होता आणि लवकर गेला. पण एक गोष्ट होती. तिनं कधी कुणावर हात उचलला नव्हता. सिग्ने हे लोकांना सांगायची. स्वतःच्या लग्नात, पेला हातात घेऊन उभी राहून तिनं सगळ्या मांडवासमोर सांगितलं होतं, की माझ्या आईनं मला कधी टिचकीसुद्धा मारली नाही, आणि ती ज्या घरातून आली तिथं हे काय होतं ते मला आता कळतं. मारेत खाली मान घालून टेबलावरचा कापडी रुमाल घडी करत बसली होती, पण आतून ती इतकी उंच झाली होती की छताला डोकं लागावं. पुढं सिग्नेचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर दक्षिणेत राहायला गेला तेव्हा, शाळा सुटल्यावर पोरीला कुठं ठेवायचं हा प्रश्नच आला नाही. शाळेतच नंतरचा वर्ग असतो, सगळ्यांची मुलं तिथं थांबतात. सिग्ने म्हणाली, "छे. ती आईकडे जाईल." त्या एका वाक्यावर मारेत जगत होती. रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना खिळे लावून; घरी आल्यावर तव्यावरचा गोड पोळा आणि वर तपकिरी चीजचा काप; मग पोरीची बडबड. तीरिल तिला आह्कू म्हणायची. आजीसाठीचा तो एक शब्द तेवढा घरात त्यांच्या जुन्या सामी भाषेतला उरला होता, बाकी सगळी भाषा केव्हाच वाहून गेली होती.

घरी आल्यावर तिनं पोरीच्या नाकात कापूस घातला. गालावर चार बोटं उठली होती, तीही मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. तीरिल खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. रेडिओवर नुसती खरखर होती. मधेच एखादा शब्द वर यायचा आणि बुडायचा. सूर्य महिनाभर डोंगरावर आला नव्हता, जानेवारी अर्धा सरेपर्यंत येणारही नव्हता, आणि मार मात्र तिथूनच येत होता. काल जेवताना सिग्नेनं सांगितलं होतं. ती वेधशाळेत सूर्याच्या वादळांवरच काम करते. ताटातला एक वाटाणा काट्यानं कडेला सरकवून ती म्हणाली होती, "हे आपण. आणि तो दिवा सूर्य. काल सकाळी त्यानं दणका दिलाय, आई. त्याच्या अंगावरचे काळे डाग फुटले आणि एक अख्खा ढग सुटलाय आपल्या दिशेनं. विजेनं भरलेल्या कणांचा. उद्या दुपारी आदळेल." तीरिलनं विचारलं होतं, मग आज का नाही? "लांब आहे ना बाळा. यायला दोन दिवस लागतात. उद्या तू वर बघशील तेव्हा ते आत्ता घडतंय असं वाटेल, पण तिकडचं तिकडं कधीच होऊन गेलेलं असतं. सूर्य आपला गप्प." आणि पृथ्वीचं चुंबक त्या कणांना धरून उत्तरेकडे ओढतं, म्हणून सगळा मार आपल्याच डोक्यावर; हवा पेटते, खाली हिरवी, फार वर तांबडी; तांबडं दिसलं की समजायचं दणका मोठा होता. दर अकराबारा वर्षांनी सूर्य असा पिसाळतो. सिग्नेचे डोळे चमकत होते. मारेत ऐकत होती आणि मनात वर्षांचा हिशोब लावत होती. पोरपणी, शाळेतली ती वर्षं, तेव्हाही आभाळ असंच पिसाळलेलं होतं.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"दूध देऊ?"

"नको." मग थोड्या वेळानं, "तू मला मारलंस. मी आईला सांगणार आहे."

"सांग."

हे तीरिलला अपेक्षित नव्हतं. ती क्षणभर अडखळली. "सगळं सांगणार. रक्त आलं ते पण."

"ते पण सांग."

"मग मी इथं येणार नाही. कधीच." आणि तिची हनुवटी वाकडी झाली, पण ती रडली नाही. "दिवे खाली येऊन खरंच माणसाला नेतात?"

"तुझी आई काय म्हणते?"

"आई म्हणते ते शंभर किलोमीटरवर असतात. त्यांना कान नसतात."

"तुझ्या आईचं खरंय."

"मग मारलंस का?"

मारेत उठली आणि पोळ्याचं पीठ ढवळायला लागली. पीठ ढवळायचं काही कारण नव्हतं. तिच्या आईनं असल्या दिव्यांखाली कधी मोठ्यानं शब्द काढला नाही. आभाळ हलायला लागलं की ती घसरगाडीच्या घंटा काढून ठेवायची, लोकरीची शाल स्वतःच्या आणि दोन्ही पोरांच्या डोक्यावरून ओढायची, आणि शालीच्या आत सुक्या मासळीचा, धुराचा, आईच्या केसांचा वास कोंडून राहायचा. शालीच्या विणीतून हिरवा उजेड ठिपके ठिपके होऊन आत यायचा. भीती वाटायची, पण ती भीती उबदार होती. मारेतला अजूनही कधी झोप लागेना झाली की ती त्या शालीत जाऊन बसायची. बाहेर काय होतं ते तेव्हा ठाऊक नव्हतं. बाहेर शाळा होती.

शाळा दोन खाड्या पलीकडे. होडीनं न्यायचे, नाताळला परत आणायचे. वसतिगृहाचा अधीक्षक उंच, देखणा माणूस होता, त्याच्या कोटाला कापराचा वास यायचा. त्याचा एकच नियम होता: घरची भाषा तोंडातून निघता कामा नये. झोपेतसुद्धा नाही. मारेत आठ वर्षांची होती, तिचा भाऊ आन्ते अकराचा. आन्ते झोपेत बोलायचा. त्यासाठी त्याला उठवून थंड पाण्याच्या बादलीत पाय ठेवून उभं करत. तो रडत नसे. ते अधीक्षकाला आवडत नसे. आणि एका दुपारी, दिवस नसलेल्या त्या काळ्या दुपारी, मधल्या सुट्टीत अंगणात असतानाच आभाळ फाटलं. तांबडं. पोरं भिंतीला चिकटली, पोरींनी घागऱ्यांचे घेर डोक्यावर घेतले, कारण शाली शाळेनं काढून घेतल्या होत्या. आन्ते मात्र अंगणाच्या मधोमध गेला. त्यानं टोपी काढली. आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की कौलांवरचं बर्फ सुटून खाली आलं. मग तो ओरडला, आपल्या भाषेत, "या! खाली या! तो आत आहे, कोटवाला! त्याला न्या! त्याचं मुंडकं न्या!" पुन्हा शीळ. पुन्हा, "या!" मारेतला आठवतं, तिला भावाची इतकी भीती आणि इतका अभिमान एकाच वेळी वाटला होता की तिला मोरीकडे पळावं लागलं असतं, पण पाय हलेनात. सगळी पोरं दरवाज्याकडे बघत होती. सगळ्यांची खात्री होती. दिवे शिळेला येतात; आणि आले की कुणाला तरी घेऊनच जातात.

अधीक्षक बाहेर आला. त्यानं शीळ ऐकलीच नव्हती, किंवा ऐकून सोडली होती. त्याच्या गावाकडे शीळ म्हणजे शीळ. त्यानं भाषा ऐकली होती. होडी बांधायचा दोर दाराशी गुंडाळून ठेवलेला असायचा, भिजून गोठलेला, काठीसारखा. त्याचं टोक त्यानं उचललं. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर, आणि मग आन्ते वळला म्हणून कानावर. तो पडला तरी दोर थांबला नाही. कोटाची बटणं एकेक करून सुटत गेली, केस कपाळावर आले, तो देखणा माणूस श्वासाश्वासाला हुंकारत होता, लाकूड फोडताना माणूस हुंकारतो तसा. आणि आन्ते बर्फात तोंड घालूनही दर फटक्याला वर बघायचा प्रयत्न करत होता. आत्ता येतील. आत्ता. वर ते तांबडे भाले नाचत होते, सुंदर, इतके सुंदर की मारेतला त्यानंतर आयुष्यात सुंदर म्हणून दाखवलेल्या कुठल्याच वस्तूवर विश्वास ठेवता आला नाही. कानातून रक्त आलं तेव्हा अधीक्षक थांबला, केस मागं सारले, आणि पोरांना म्हणाला, "चला, हात धुवा. जेवणाची वेळ झाली."

आन्तेचा तो कान गेला. नाताळला होडीनं घरी जाताना तो मारेतला म्हणाला होता, "बापू त्याला मारून टाकतील बघ. सुरा घेऊन जातील." वडलांना ते बापू म्हणत. घरी मातीच्या छपराखाली चुलीवर बोकडाचं मांस शिजत होतं, आई वारंवार उठून दोघांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. वडलांनी कानाचं विचारलं. आन्तेनं सगळं सांगितलं, उभा राहून, हातवारे करून, एखाद्या लढाईचं सांगावं तसं. दोर आला, रक्त आलं, तोवर वडील मूठ आवळून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "दिव्यांना काय केलंस म्हणालास?" "शीळ घातली." वडलांचा चेहरा राखेसारखा झाला. भिंतीवरचा सीलच्या कातड्याचा पट्टा त्यांनी कधी काढला ते कुणाला दिसलं नाही. आई मध्ये पडली, तिच्या हातावर वळ उठला, ती कोपऱ्यात फेकली गेली. "पुन्हा घालशील? पुन्हा घालशील?" वडील विचारत होते आणि रडत होते, नाक वाहत होतं, आणि पट्टा चालूच होता. आन्ते या खेपेला वर बघत नव्हता. वर नुसतं धुरकट छप्पर होतं. एकच शीळ, शाळेनं तिच्यामागून आलेल्या शब्दांसाठी मारलं, घरानं शिळेसाठी. त्यानंतर त्यानं घरात कुणाला काही सांगितलं नाही. कधीच.

मारेत कितीतरी वर्षं वडलांचा द्वेष करत राहिली, अधीक्षकाहून जास्त. मग म्हातारपणी, शेवटच्या आजारात, आईनं एका दुपारी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. जर्मन सैन्य माघारी जाताना सगळा किनारा जाळत गेलं त्या हिवाळ्याची गोष्ट. सगळ्यांना होड्यांत कोंबून दक्षिणेत नेत होते. हे गेले नाहीत, डोंगरातल्या कपारीत लपले. आई, बापू, आणि बापूंचा धाकटा भाऊ बियेरा, अठरा वर्षांचा, केसांना तेल लावणारा. खाली गाव जळत होतं आणि वर दिवे होते. बियेराचा कुत्रा किनाऱ्याकडे पळाला. तो परत यावा म्हणून बियेरानं शीळ घातली. खाडीतून गस्तीची होडी जात होती. "मग?" मारेतनं विचारलं होतं. "मग काय मग. तुझ्या बापाच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. अर्धंच." आईनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "पण बाप तुझा गोळी असा शब्द कधी बोलला नाही हं. दिव्यांनी नेला म्हणायचा. लोकांनाही तेच सांगायचा. गोळी म्हटलं असतं तर जाऊन कुणाला तरी मारावं लागलं असतं ना, आणि मारायचं कुणाला? ते तर निघून गेले होते."

ते तर निघून गेले होते. मारेत पीठ ढवळत राहिली. आन्ते सोळाव्या वर्षी बोटीवर गेला. भला, हसरा कोळी झाला, ऐकू येणारा कान माणसाकडे करून बोलायचा. आणि त्याची बायको ओलाउग भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालायची. कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत मारेतनं तिचे दंड पाहिले. ती तशीच, अंगाला मासळीचा वास घेऊन धक्क्यावर गेली आणि आन्तेच्या बोटीवर चढली. "लाज वाटत नाही तुला? तुला? तू कुणाचा मार खाल्लास विसरलास?" आन्ते जाळं शिवत होता. म्हणाला, "विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी नाही उचलत गं, मारेत. हात आपोआप जातो. मी बघत असतो नुसता." "हात तुझाच आहे ना?" "हो ना," तो म्हणाला, आणि आपल्या हाताकडे असा बघत राहिला की तिला पुढं बोलवेना. त्या हिवाळ्यात ओलाउग पोरांना घेऊन निघून गेली. आन्ते पुढं समुद्रातच राहिला, एका वादळात. आणि मारेतनं स्वतःला बजावलं, माझा हात आपोआप जाणार नाही. सिग्ने चार वर्षांची असताना तिनं उकळत्या कॉफीची किटली ओढून पाडली, थोडक्यात वाचली. मारेतचा हात खांद्यापर्यंत वर गेला होता. तो तिनं तोंडात घातला. मनगटाला इतक्या जोरात चावली की टाके पडले. दवाखान्यात कुत्रा म्हणून सांगितलं. नंतरही कितीदा. तिच्या डाव्या उजव्या मनगटांवर ते व्रण होते, आणि तेच तिचे दागिने होते. आज मात्र तोंडात हातमोजा होता.

शीळ ऐकली तेव्हा तिला दिवे दिसले नव्हते. ओठ गोल केलेलं, टोपी मागं सरकलेलं, वर बघणारं एक पोरगं दिसलं होतं, आणि कुणी तरी दोर घेऊन बाहेर येणार हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की आधी आपणच त्याला गप्प केलं पाहिजे, एवढंच सुचलं. वाचवायला गेले होते मी, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच आलं, बापूही हेच म्हणाले असते.

सिग्ने आली ती वाऱ्यासारखी. दार उघडायच्या आधीच बोलत होती. "आई, बाहेर पाहिलंस? आलेख पडद्याच्या बाहेर गेला! आमच्याकडे लोक नाचतायत अक्षरशः. होकायंत्र ठेवलं तर सुई दारू प्यायल्यासारखी–" ती थांबली. तीरिल खुर्चीवर होती, नाकात कापूस. "काय झालं? बर्फावर पडलीस?"

तीरिलनं तोंड उघडलं. पण मारेत आधी बोलली. "मी मारलं."

"मी सांगणार होते!" तीरिल किंचाळली. "मला सांगायचं होतं! तू का सांगितलंस?"

सिग्नेनं पोरीची हनुवटी धरून गाल दिव्याकडे वळवला. चार बोटं. तिनं आपली बोटं त्यांवर ठेवली नाहीत, जवळ नेऊन थांबवली. "का?" तिनं विचारलं.

"शीळ घातली तिनं. थांब्यावर. आभाळ तांबडं होतं."

"शीळ." सिग्ने हसली, ते हसू नव्हतं. "आई, मी पंधरा वर्षं त्या दिव्यांवर काम करते."

"ठाऊक आहे."

"तू मला कधी... मी लोकांना सांगते, आई. सगळ्यांना सांगते मी."

"ठाऊक आहे गं."

सिग्नेनं पोरीला जाकीट चढवलं, चेन ओढली, बूट घातले, सगळं अगदी सावकाश, काचेचं काही बांधून घ्यावं तसं. मग आईकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून ती शाळेतच थांबेल. नंतरच्या वर्गात. तिथं जागा आहे." मारेतनं मान हलवली. तिला वाटलं होतं की काही तरी कोसळेल, पण नुसता रेडिओ खरखरत होता. त्या दोघी जिना उतरल्या. पिवळी टोपी खुंटीवरच राहिली होती. ती घेऊन मारेत घरातल्याच लोकरीच्या सपातांनी बाहेर पडली, कठडा धरत खाली आली. बाहेर उजेड इतका होता की गाडीची, झाडांची, तिघींची सावली बर्फावर पडली होती आणि सावल्या हलत होत्या, आपण उभ्या असूनही.

"टोपी," ती म्हणाली, आणि घालायला वाकली.

तीरिलनं मारलं. मोजा घातलेला हात पूर्ण मागं नेऊन, दात खाऊन, सगळ्या अंगाचं ओझं त्यात टाकून. मारेतचा चष्मा उडून बर्फात गेला. दुसऱ्यांदा मारलं, कानाखाली. तिसऱ्यांदा हात मागं गेला तेव्हा सिग्ने ओरडली, "तीरिल!", आणि तिचा हात वर गेला.

चष्म्याशिवाय मारेतला तोंडं दिसत नव्हती. तो हात मात्र दिसला. आभाळापुढं काळा, बोटं जुळलेली, खांद्याच्याही वर, खाली यायला निघालेला. ज्या हातानं कधी मार खाल्ला नाही, कधी पाहिला नाही, त्याला ही वाट कुणी दाखवली? मारेत सरळ झाली आणि तिनं तो धरला. दोन्ही हातांनी, मनगटापाशी. आतली शीर तिच्या अंगठ्याखाली उडत होती. हात खाली यायला बघत होता. सिग्ने नव्हे, हात. कारखान्यात मोठा मासा धरायची तशी मारेतनं पकड घट्ट केली आणि पाय रोवले.

"आई, सोड."

मारेतनं सोडला नाही. हातातला जोर हळूहळू ओसरला, तो जड झाला, मग नुसता तिच्या हातात लटकला.

"तू मला मारणार होतीस," तीरिल म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

सिग्नेनं आईकडे पाहिलं. मारेतनं तिला मदत केली नाही.

"हो," सिग्ने म्हणाली.

सिग्नेनं बर्फात चाचपून चष्मा शोधला, कोटाला पुसला, आईच्या डोळ्यांवर लावला. काडी कानामागे नीट बसवताना तिची बोटं गार होती. मग तिनं गाडीचं दार उघडलं, तीरिलला मागं बसवलं, आणि दार लावलंच नाही. ती दाराला धरून उभी राहिली.

"आई, तू पण बस."

"मी? अगं, माझ्या पायांत बघ काय आहे."

"असू दे. बस." तिचा आवाज लहान झाला होता, पोरीला ऐकू जाऊ नये इतका. "मला आज एकटीला तिच्याबरोबर घरी जायचं नाही."

मारेत कठडा न धरता गाडीपर्यंत गेली. वाकून, डोकं सांभाळत आत शिरली. तीरिल खिडकीकडे तोंड करून बसली होती. मारेत बसताच ती सरकली, पार दाराला चिकटली. तिनं आपल्याला जागा करून दिली की ती आपल्यापासून लांब गेली, ते मारेतला कळलं नाही. तिनं टोपी दोघींच्या मधल्या जागेवर ठेवली, आणि सिग्नेनं गाडी सुरू केली.